कणखरपणाचं कौतुक आता पुरे

‘आमच्या आजोबांनी प्लेग पाहिला, दुष्काळ पाहिले, महायुद्धं पाहिली. त्यांना कुठे झाला होता तुमचा पीटीएसडी?’ मानसिक आघाताचा, त्यातून होणाऱ्या पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर ताणविकाराचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. व्याख्यानानंतरच्या चर्चेत येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, शिकल्यासवरल्या घरांत तर फारच ठामपणे येतो. पाठोपाठ तीन वाक्यं ठरलेली असतात. हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपला माणूस मुळात कणखर आहे, आणि काळ हेच सगळ्यावर औषध आहे. असं बोलणारी माणसं दुष्ट नसतात. बऱ्याचदा त्यांना समोरच्याला धीरच द्यायचा असतो. पण हा धीर ज्याला दिला जातो तो त्यानंतर गप्प होतो. रात्री झोप लागत नाही हे तो पुन्हा कोणाला सांगत नाही, दवाखान्यात जात नाही, आणि त्याच्यासाठी काही करायला हवं होतं ही जबाबदारी सरकारवरून, मालकावरून, नातलगांवरून अलगद उतरते. कणखरपणाचं कौतुक ही आपल्याकडे मदत नाकारण्याची सभ्य रीत झाली आहे. तिला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी आजोबांबद्दल.

पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे तरुण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढायला गेले होते. ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या. अन्न संपत आलं, घोडी कापून खायची वेळ आली. शरणागतीनंतर कैद्यांना उन्हातान्हातून मैलोन् मैल चालवत नेलं आणि त्या वाटेवर, पुढे छावण्यांत, असंख्य माणसं मेली. जे वाचले ते आपापल्या गावी परतले आणि पुन्हा औताला लागले. त्यांच्यातला कोण रात्री ओरडत उठायचा, कोण क्षुल्लक कारणावरून बायकोमुलांवर धावून जायचा, कोणाला दारूशिवाय डोळा लागत नव्हता, याची नोंद कुठे आहे? घरच्यांनी ‘त्यांचा स्वभावच तापट’ म्हणून ते निभावून नेलं, नाहीतर बाहेरची बाधा म्हणून देवरुष्याकडे नेलं. कोणी विचारलंच नाही, म्हणून काही झालंच नव्हतं, असा निष्कर्ष काढता येत नाही.

जिथे विचारलं गेलं तिथे काय दिसलं ते पाहा. त्याच १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वरचा निबंध प्रसिद्ध केला. जवळ तोफगोळा फुटल्यावर नजर अधू झालेले, आठवण पुसली गेलेले, वास आणि चव गेलेले सैनिक त्याने तपासले होते. त्याच ब्रिटिश सैन्याने युद्धाच्या काळात पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली तीनशेहून अधिक स्वतःच्याच जवानांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्यातले कित्येक आघाताने मोडलेले होते हे पुढे मान्य झालं आणि २००६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून ३०६ जणांना मरणोत्तर माफी दिली. जुनी पिढी कणखर होती असं म्हणताना हे लक्षात ठेवावं, की जो कणखर राहू शकला नाही त्याला त्या पिढीने भिंतीशी उभं केलं होतं. उरलेले गप्प राहिले यात नवल नाही.

आणि आपला स्वतःचा इतिहास? १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पानिपताच्या धक्क्याने ते खचले, असं आपण शाळेत शिकतो आणि कोणालाही ते खोटं वाटत नाही. पेशव्याचं मन मोडू शकतं हे आपल्याला पटतं. त्याच रणातून प्रेतांच्या राशी ओलांडून, उपाशीपोटी, लपतछपत नर्मदेपर्यंत आलेल्या साध्या शिपायाचं मन मोडलं असेल हे मात्र आपल्या कल्पनेतही येत नाही. राजाला दुःख होतं आणि रयतेला सवय असते, असं काहीतरी आपण खोलवर धरून बसलो आहोत.

आता पाश्चात्त्यपणाबद्दल. हा आक्षेप फक्त पंगतीतला नाही, त्याची एक अभ्यासू बाजूही आहे आणि तिला उत्तर देणं जास्त महत्त्वाचं आहे. डेरेक समरफील्ड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं, की पीटीएसडी हे निसर्गात सापडलेलं दुखणं नसून व्हिएतनाम युद्धानंतरच्या अमेरिकन राजकारणातून घडवलेलं निदान आहे. युद्धात, आपत्तीत होरपळलेल्या माणसाला रुग्ण ठरवलं की त्याचं नैतिक, राजकीय, सामाजिक दुःख दवाखान्याच्या कागदात कोंडलं जातं, असा त्याच्या मांडणीचा रोख होता. यातलं बरंच मला मान्य आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात हे निदान १९८० मध्ये आलं ते खरोखरच व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीमुळे. ज्याचं घर गेलं त्याला आधी घर हवं असतं, ज्याची जमीन वाहून गेली त्याला जमीन हवी असते, आणि समुपदेशन ही घराची बदली होऊ शकत नाही, हेही खरं. इतकंच काय, घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोलात बसवून एकाच बैठकीत सगळं ओकायला लावायचं, ही एकेकाळी गाजलेली पद्धत तपासली गेली तेव्हा तिने पीटीएसडी टळत नसल्याचं आणि काहींना उलट अपाय होऊ शकत असल्याचं दिसलं. म्हणून ती मागे पडली.

पण या सगळ्यावरून ‘आपल्याकडे हा आजारच नाही’ इथे उडी कशी मारता येते? त्याचं उत्तर लातूर-धाराशिवच्या मातीत आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं बसल्या जागी खाली आली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्यावर मातीचं जड माळवद, अशी ती घरं होती. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्या छतांनीच झोपेतल्या माणसांना गाडलं. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. जगभरातून मदत आली, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपाला टिकतील अशी घरं मिळाली. आणि तरीही त्या पक्क्या छताखाली झोप येईना म्हणून अंगणात खाट टाकणारी माणसं त्या भागात वर्षानुवर्षं होती. पिढ्यान् पिढ्या दगडातच राहिलेल्या लोकांच्या मनात दगडी भिंतीची दहशत बसली. त्या काळात तिथल्या लोकांची मानसोपचारतज्ज्ञांनी पाहणी केली, तिचा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त आला. त्यात सर्वाधिक आढळलेली निदानं होती पीटीएसडी आणि नैराश्य.

किल्लारीच्या शेतकऱ्याने व्हिएतनामबद्दल काही वाचलं नव्हतं. पीटीएसडी ही अक्षरं त्याच्या कानावरही आली नव्हती. कोणत्याही परदेशी तज्ज्ञाने शिकवल्याशिवाय त्याचं शरीर तेच करत होतं जे मायर्सच्या किंवा व्हिएतनामच्या सैनिकाचं शरीर करत होतं. ट्रक गेला आणि जमीन थरथरली की उठून पळायचं. आपलं माणूस जिथे सापडलं ती जागा टाळायला लांबचा फेरा घ्यायचा. निदान बाहेरून आलं असेल, दुखणं इथलंच होतं. वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास परक्याने केला म्हणून लेणी परकी होत नाहीत.

समरफील्डचा इशारा लंडनसाठी योग्य असेल. तिथे उपचारांच्या अतिरेकाची भीती बाळगता येते. आपल्याकडची स्थिती नेमकी उलटी आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की मानसिक आजारांच्या प्रकारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. अख्ख्या महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं. ज्या गावात मानसोपचारतज्ज्ञ कधी फिरकलाच नाही, तिथे मानसोपचाराच्या वर्चस्वाची चिंता करणं म्हणजे तहानलेल्याला महापुराची भीती घालणं.

‘काळ हेच औषध’ या वाक्यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातली सुमारे सत्तर टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी एखाद्या भयंकर प्रसंगातून जातात. त्यातल्या साधारण ५.६ टक्क्यांनाच पुढे पीटीएसडी होतो. ज्यांना होतो त्यांच्यातलेही चाळीस टक्क्यांपर्यंत लोक वर्षभरात बरे होतात. म्हणजे बहुसंख्य सावरतात, हे खरंच. बहुसंख्यांना सोबत, पैसा, काम आणि थोडी शांत झोप मिळाली की पुरतं. पण उरलेल्यांचं काय? त्यांच्या बाबतीत काळ काही करत नाही, कारण त्यांच्या मनात तो प्रसंग काळाच्या हिशेबात गेलेलाच नसतो. दुखावलेल्या माणसाला जुनी गोष्ट आठवते तेव्हा ती जुनी आहे हे त्याला कळत असतं. पीटीएसडी झालेल्याला ती आठवत नाही, ती पुन्हा घडते. वासाने घडते, आवाजाने घडते, ओल्या मातीने घडते. छाती धडधडते, हातापायांना घाम सुटतो, काहींना काही क्षण आपण कुठे आहोत हेच कळत नाही. मग ते सगळं टाळण्यासाठी माणूस रस्ते सोडतो, माणसं सोडतो, नोकरी सोडतो. सतत सावध राहून दमतो, चिडतो, काही वाटेनासं होतं. अशा माणसाला ‘विसर आता’ म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की त्याला विसरायचंच आहे. तेच तर जमत नाही.

आपल्याकडे तर हा प्रसंग दरवर्षी ऋतूसारखा परत येतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी, जिथे अनेकांचे मृतदेहही मिळाले नाहीत आणि शेवटी शोध थांबवावा लागला. तिन्ही जुलैमधल्या. या गावांतून वाचलेल्या माणसाला दर पावसाळ्यात चार महिने त्याच आवाजात काढायचे असतात. ज्या पावसाची बाकी सगळं राज्य वाट पाहतं, तो त्याच्या दारात धाक बनून उभा राहतो. काळ त्याच्यावर औषध कसं करणार?

जिथे प्रसंग संपलेलाच नसतो तिथे तर हे वाक्य निव्वळ क्रूर आहे. मारहाण करणारा नवरा त्याच घरात आहे, लहानपणी हात लावणारा काका दर गणपतीला घरी येतो आणि त्याच्या पाया पडायला लावलं जातं. वारंवार आणि सुटकेची वाट नसताना झालेल्या अशा आघातांतून जे होतं त्याला १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणून वेगळी जागा दिली आहे. या बायकांना आणि मुलांना दुसरी एक शिक्षा कोर्टात होते. आघाताची आठवण तुकड्यातुकड्यांत राहते, क्रम लागत नाही, तारीख सांगता येत नाही. उलटतपासणीत नेमकं हेच पकडून त्यांना खोटं ठरवलं जातं. आजाराचं लक्षण आजाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जातं आणि भरल्या कोर्टात कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

या सगळ्या कौतुकाचं सर्वांत मोठं व्यासपीठ म्हणजे मुंबई. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. सुमारे एकशे नव्वद माणसं गेली, आठशेवर जखमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावत होत्या, फलाट भरलेले होते, आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला होता: ‘मुंबई स्पिरिट’. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर, २६ नोव्हेंबर २००८ नंतरही असंच झालं. हातावर पोट असणाऱ्याला घरी बसणं परवडत नाही म्हणून तो गाडीत चढतो, हे उत्तर अनेकांनी दिलं आहे आणि ते बरोबरच आहे. मला त्यापुढची गोष्ट सांगायची आहे. त्या गर्दीच्या छायाचित्रात जे आले तेवढेच दिसतात. जो त्या दिवशी आला नाही, पुढच्या महिन्यातही आला नाही, ज्याने फोर्टातली नोकरी सोडून विरारलाच कमी पगारावर दुकानात काम धरलं, जो आजही गाडीत बेवारस पिशवी दिसली की पुढच्या स्थानकावर उतरून जातो, तो कुठल्याच छायाचित्रात नाही. मुंबईचं स्पिरिट मोजताना त्याला कधी मोजलंच नाही. शहर सावरलं असं जाहीर झालं त्या दिवशी, न सावरलेल्या प्रत्येकाला कळलं की आता आपण बोलायचं नाही.

आणि स्फोटांचीच वाट कशाला पाहायला हवी? मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून, कोणी स्वतःहून. लोकल काही पावलांत थांबत नाही. समोरचा माणूस, कधी त्याचा चेहराही, मोटरमनला दिसलेला असतो, ब्रेक लावून झालेला असतो आणि बाकी काही त्याच्या हातात नसतं. देह उचलला जातो आणि गाडी पुढे जाते, कारण मागे गाड्यांची रांग लागलेली असते. देह उचलणारे हमाल, तुकडे गोळा करून पंचनामा करणारे रेल्वे पोलीस, यांच्यासाठी तर हा रोजचा व्यवहार आहे. ‘त्यांना सवय होते’ असं म्हणतात. सवय आणि बधिरता बाहेरून सारखीच दिसते, आणि बधिर होणं हे याच आजाराचं एक लक्षण आहे.

मग करायचं काय? ‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्यांना वाटतं की करण्यासारखं काही नाहीच. हे साफ चूक आहे. आघातावर केंद्रित असलेले मानसोपचार आहेत. त्यांत प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, रुग्णाच्या वेगाने, त्या आठवणीला थोडं थोडं सामोरं नेलं जातं, इतकं की ती आठवण हळूहळू भूतकाळात जाऊन बसावी. ईएमडीआर नावाची पद्धत आहे, नैराश्यावरच्या काही औषधांचा काहींना उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोन्ही मानसोपचारांची शिफारस केली आणि त्याच वेळी सांगितलं, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेसाठी किंवा भीतीसाठी डायझेपामच्या वर्गातल्या गोळ्या देऊ नयेत. आपल्याकडे गावोगाव होतं ते बरोबर याच्या उलट. झोप येत नाही म्हटलं की चिठ्ठीवर तीच गोळी लिहिली जाते, ती वर्षानुवर्षं चालते आणि मूळ दुखण्याला कोणी हातही लावत नाही.

कायद्याचीही उणीव नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजाराला संरक्षण द्यावं असं बंधन घातलं आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. महाराष्ट्राने तर २०१३ मध्येच मनोधैर्य योजना आणली, तिच्यात बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिडहल्ला यांतल्या पीडितांना पैशाबरोबर समुपदेशन देणं हे सरकारने आपलं काम मानलं. तत्त्व मान्य झालेलं आहे. मग तेच तत्त्व दरडीला, स्फोटाला, रेल्वे अपघाताला का लागू नाही? रेल्वेच्या नुकसानभरपाईच्या तक्त्यात हात, पाय, डोळा, कान गमावल्याचे दर लिहिलेले आहेत. मनाच्या जखमेची ओळ त्यात नाही.

लांबची सोबत आपल्याला जमत नाही असंही कोणी म्हणू नये. किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणलं, त्यांना राहायला घर आणि शाळा दिली आणि ती मोठी होईपर्यंत सांभाळलं. चार दिवसांची ब्लँकेटं वाटून ही मंडळी परतली नाहीत. मदत इतकी वर्षं चालू शकते हे या राज्यानेच दाखवलं आहे.

म्हणून मागणी नेमकी आहे. दरड कोसळल्यावर तलाठी पंचनाम्यात घर, गोठा, जनावरं, भांडीकुंडी लिहितो. त्याच वेळी वाचलेल्या प्रत्येक माणसाचं नाव तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे गेलं पाहिजे. पहिल्या महिन्यात कोणालाही बोलतं करायची घाई नको. निवारा, अन्न, हरवलेल्यांची खरी माहिती आणि शेजारी बसणारं माणूस पुरे. महिन्याने आशा सेविकेने घरी जाऊन झोप, भीती, चिडचीड, टाळाटाळ याबद्दल ठरावीक प्रश्न विचारावेत, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा, आणि त्यानंतर प्रत्येक जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी. ज्याला गरज दिसेल त्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी मिळावी, आणि तिथे आघातावरचा उपचार शिकलेला निदान एक माणूस नेमलेला असावा. रेल्वेने प्रत्येक अपघातानंतर मोटरमनला, हमालाला, पोलिसाला भरपगारी सुट्टी द्यावी आणि ती मागावी लागू नये. या सगळ्याला धरणांएवढा पैसा लागत नाही. येत्या अर्थसंकल्पात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या नावापुढे किती रक्कम आहे ते आमदारांना विचारायला तर काहीच लागत नाही.